ऑटो लोवी

दचकल्यावर आपली छाती धडधडते आणि थोड्या वेळाने ठोके पुन्हा संथ होतात. हृदयाची गती चेतातंतू बदलतात, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक झाले होते. परंतु चेतातंतू जेथे संपतो, तेथून पुढे त्याचा संदेश हृदयाच्या पेशींपर्यंत कसा पोहोचतो? तारेतून वीज जावी तसा तो जात असावा, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. ऑटो लोवी यांना मात्र एखादे रसायन हा निरोप नेत असावे, अशी शंका होती.

लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. कलेच्या इतिहासाची ओढ असूनही घरच्यांच्या आग्रहाखातर ते वैद्यक शिकले. रुग्णालयात क्षयाचे व न्यूमोनियाचे रोगी उपचारांअभावी डोळ्यांदेखत दगावताना पाहून त्यांनी रुग्णसेवा सोडली आणि ते औषधांच्या संशोधनाकडे वळले. १९०९ साली ते ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९२० च्या सुमारास, ईस्टरच्या आदल्या रात्री, त्यांना झोपेत एक प्रयोग सुचला. अर्धवट जागेपणी त्यांनी तो चिठोऱ्यावर खरडला. सकाळी ते अक्षर त्यांना स्वतःलाच लागेना! सुदैवाने दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी मात्र ते उठून तडक प्रयोगशाळेत गेले.

त्यांनी बेडकांची दोन धडधडती हृदये क्षारद्रवात ठेवली. पहिल्याच्या व्हेगस नावाच्या चेतातंतूला विजेने उद्दीपित करताच त्याचे ठोके मंदावले. त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावले. दुसऱ्या हृदयाला चेतातंतू नव्हताच. तेव्हा निरोप त्या द्रवातूनच आला असला पाहिजे. पुढे हे रसायन ॲसिटिलकोलिन असल्याचे सिद्ध झाले.

लोवी यांचे आणखी एक निरीक्षण फारसे सांगितले जात नाही, पण ते तितकेच मोलाचे आहे. धोत्र्यासारख्या विषारी वनस्पतींत आढळणारे ॲट्रोपीन दिल्यास हे रसायन पाझरतेच, परंतु हृदय मंदावत नाही. याचे कारण आज स्पष्ट झाले आहे. हृदयपेशींच्या पृष्ठभागावर ग्राही नावाचे प्रथिनरेणू असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ॲसिटिलकोलिन त्यांच्यात बसते. मग पेशीतील पोटॅशियम बाहेर जाऊ लागते आणि ठोके संथ होतात. ॲट्रोपीन ही जागा आधीच अडवून बसते.

१९३६ साली लोवी यांना इंग्लंडच्या हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दोनच वर्षांनी, मार्च १९३८ मध्ये, नाझींनी ऑस्ट्रिया घेतला आणि त्यांना दोन मुलांसह अटक झाली. उद्या आपण जिवंत असू की नाही, याची शाश्वती नव्हती. तशा स्थितीतही त्यांनी पहारेकऱ्याकडून पोस्टकार्ड मिळवून आपल्या ताज्या प्रयोगाचे निष्कर्ष लिहिले आणि ते संशोधनपत्रिकेच्या पत्त्यावर धाडले. पारितोषिकाची रक्कम नाझींच्या हवाली केल्यावरच त्यांना देश सोडता आला. बेल्जियम व इंग्लंडमार्गे १९४० साली ते अमेरिकेत पोहोचले. न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी पुन्हा अध्यापन सुरू केले. २५ डिसेंबर १९६१ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले.