तिजोरीतले विसावे शतक

१९८९ साली ज्यूल व्हर्नच्या पणतूने घराण्यातील एक जुनी तिजोरी उघडवली. तिची किल्ली केव्हाच हरवली होती आणि आत काही नसणार, असाच घरच्यांचा समज होता. प्रत्यक्षात आत एका संपूर्ण कादंबरीचे हस्तलिखित निघाले. १८६३ मध्ये लिहिलेल्या त्या कादंबरीत १९६० सालचे पॅरिस उभे केलेले होते. जगभर विज्ञानयुगाचा भविष्यवेत्ता म्हणून ओळखल्या गेलेल्या या लेखकाचे खरेखुरे, निव्वळ भविष्याविषयीचे पहिले पुस्तक सव्वाशे वर्षे अंधारात पडून होते. १९९४ मध्ये 'विसाव्या शतकातील पॅरिस' या अर्थाच्या नावाने ते प्रसिद्ध झाले, आणि व्हर्नविषयीच्या अनेक रूढ कल्पनांना धक्का बसला.

८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या गावी व्हर्नचा जन्म झाला. वडील वकील होते. थोरल्या मुलाने आपली पेढी सांभाळावी, या साध्या अपेक्षेने त्यांनी त्याला कायदा शिकण्यासाठी पॅरिसला धाडले. पोराने पदवी मिळवली खरी, पण जीव नाटकांत अडकला. अलेक्झांडर द्यूमांच्या ओळखीने १८५० मध्ये त्याची एक एकांकिका रंगभूमीवर आली. पुढे वडिलांनी पेढी देऊ केली तेव्हा त्याने ती नाकारली. १८५७ मध्ये दोन मुली असलेल्या ओनोरिन या विधवेशी त्याने विवाह केला आणि संसार चालवण्यासाठी शेअर बाजारात दलाली पत्करली. पहाटे उठून लिहायचे, दुपारी बाजार गाठायचा आणि उरलेल्या वेळात वाचनालयात बसून वर्तमानपत्रे व शास्त्रीय नियतकालिकांतील टिपणे काढायची, असा त्याचा दिनक्रम होता. आयुष्याच्या अखेरीपर्यंत या टिपणांची संख्या वीस हजारांवर गेली. व्हर्नच्या दिव्यदृष्टीचे रहस्य शोधायचे असेल तर ते प्रथम या टिपणांच्या ढिगात शोधावे लागते.

१८६२ मध्ये त्याची गाठ प्रकाशक पिएर-ज्यूल हेत्झेल याच्याशी पडली. पुढच्याच जानेवारीत 'फुग्यातून पाच आठवडे' ही आफ्रिकेवरून उडणाऱ्या प्रवाशांची कथा बाजारात आली आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा हा दलाल रातोरात लेखक झाला. त्याच उत्साहात त्याने १९६० च्या पॅरिसची कादंबरी हेत्झेलसमोर ठेवली.

या कादंबरीत उंच कमानींवरून संकुचित हवेच्या दाबावर धावणाऱ्या आगगाड्या शहराला वेढे घालतात. रस्त्यांवर घोड्यांविना, वायूच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्या फिरतात. रात्री विजेचे दिवे झगमगतात. कागदावरचे हस्ताक्षर वा चित्र तारेने दूरच्या गावी जसेच्या तसे उमटते. बँकेत पियानोएवढी अवाढव्य यंत्रे कळा दाबताच हिशेब करून देतात. यातले बरेचसे व्हर्नने कल्पनेतून काढलेले नव्हते. लनोआरचे वायुइंजिन आणि कासेलीचे चित्र पाठवणारे तारयंत्र त्याच्या काळात अस्तित्वात होते. एखादे नवे यंत्र प्रयोगशाळेतून घराघरांत आणि रस्तोरस्ती पोहोचले तर माणसांचे कसे होईल, हा प्रश्न त्याने विचारला, आणि तोच खरा अवघड होता.

त्याने दिलेले उत्तर उदास आहे. कथानायक मिशेल लॅटिन काव्याचे पारितोषिक मिळवतो आणि सभागृह त्याला हसते. पुस्तकांच्या भल्यामोठ्या दुकानात व्हिक्टर ह्यूगोचे नाव कोणाला ठाऊक नसते. नाटके कारखान्यातल्या मालासारखी तयार होतात. मिशेल बँकेत चिकटतो आणि तिथून बाहेर फेकला जातो. भीषण हिवाळ्यात उपाशी असताना तो शेवटच्या नाण्यांनी भाकरीऐवजी प्रेयसीसाठी फुले घेतो, आणि अखेर स्मशानातल्या बर्फावर कोसळतो. गंमत अशी की, या यांत्रिक बँकेचे मुख्य खातेपुस्तक अजूनही माणूसच लेखणीने भरत असतो. ते हातातून सुटेल अशी कल्पना व्हर्नलाही करवली नाही.

हेत्झेलने ही कादंबरी साफ नाकारली. असल्या भाकितांवर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि नुकतेच कमावलेले नाव मात्र मातीत जाईल, असा त्याचा अभिप्राय होता. प्रकाशक म्हणून त्याचे गणित चुकले असे म्हणता येत नाही; कादंबरी विस्कळीत आहे आणि नायक रडका. मात्र या नकाराने व्हर्नची वाट ठरली. हेत्झेलला कुटुंबातील मुलांसाठी ज्ञान व मनोरंजन देणारे नियतकालिक चालवायचे होते. त्याला हवी होती आशा, साहस आणि भूगोल. व्हर्नने हस्तलिखित बाजूला ठेवले आणि पुढची चाळीस वर्षे प्रकाशकाला दरसाल कादंबऱ्या पुरवल्या.

त्यांतील सर्वांत गाजलेली भविष्यकथा म्हणजे १८६५ ची 'पृथ्वीवरून चंद्राकडे'. अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर बाल्टिमोरमधील तोफखान्याचे शौकीन बेकार होतात आणि चंद्रावर गोळा डागायचे ठरवतात. टेक्सास आणि फ्लोरिडा यांच्यात जागेसाठी भांडण जुंपते व फ्लोरिडाची सरशी होते. ॲल्युमिनियमच्या पोकळ गोळ्यात तीन प्रवासी बसतात. १८७० मधील उत्तरार्धात ते चंद्राला वळसा घालून प्रशांत महासागरात पडतात. डिसेंबर १९६८ मध्ये फ्लोरिडाहूनच निघालेले 'अपोलो ८' तीन अंतराळवीरांना चंद्राभोवती फिरवून प्रशांत महासागरातच उतरले, तेव्हा व्हर्नचे नाव सर्वतोमुखी झाले नसते तरच नवल!

या योगायोगांचे कौतुक जरा बेतानेच करायला हवे. पृथ्वीच्या बंधनातून सुटण्यासाठी सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग लागतो, हे त्याने गणिताचा प्राध्यापक असलेल्या चुलतभावाच्या मदतीने बरोबर काढले. प्रवाशांच्या श्वासासाठी प्राणवायू तयार करण्याची आणि कर्बवायू शोषून घेण्याची रासायनिक व्यवस्थाही त्याने विचारपूर्वक आखली. पण नऊशे फूट लांबीच्या तोफेत तो वेग गाठायचा तर गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजारपटींहून अधिक झटका बसेल. गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी घालून तो सोसता येत नाही. प्रवाशांचा पहिल्याच क्षणी चेंदामेंदा झाला असता. ही चूक रशियातील त्सिओल्कोव्हस्की आणि हर्मन ओबेर्थ या दोघांच्या लक्षात आली. दोघेही बालपणी वा तरुणपणी व्हर्न वाचून झपाटलेले होते. तोफ चालणार नाही म्हणून काय चालेल याचा शोध घेताना ते अग्निबाणापर्यंत पोहोचले. अचूक भाकितापेक्षा या चुकीच्या तोफेनेच अंतराळप्रवासाचे अधिक भले केले, असे म्हणावे लागते.

व्हर्न भारतात कधीच आला नाही. पण त्याच्या लेखनात भारत वारंवार डोकावतो. 'नॉटिलस' पाणबुडीचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार असून १८५७ च्या उठावात तो लढला होता, हे 'रहस्यमय बेट' या कादंबरीत उघड होते. १८८० च्या 'वाफेचे घर' मध्ये तर पोलादी हत्ती दोन फिरती घरे ओढत उत्तर हिंदुस्थानात हिंडतो, आणि कथेची सुरुवात होते ती औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांच्या शिरावर लावलेल्या इनामाच्या जाहीरनाम्याने! नानासाहेबांचे तिथले क्रूर चित्रण मराठी वाचकाला खटकेल, आणि ते खटकावेच. 'ऐंशी दिवसांत जगाची फेरी' मध्ये फिलियस फॉगचा नोकर मुंबईत मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो. पुढे अलाहाबादच्या अलीकडे लोहमार्गच संपतो आणि फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. कथेचे वर्ष १८७२. मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादला जाणारा रूळ मात्र मार्च १८७० मध्येच जोडला गेला होता. भविष्यवेत्ता इथे वर्तमानाच्या दोन वर्षे मागे राहिला!

१८७१ पासून व्हर्न पत्नीच्या गावी, आमियाँ येथे राहू लागला. १८७५ मध्ये तिथल्या विद्वत्सभेत त्याने सन २००० च्या आमियाँचे खुसखुशीत स्वप्न सादर केले. एका शहरात पियानो वाजतो आणि विजेच्या तारांनी दूरदेशीच्या शहरांतही तेच सूर उमटतात. डॉक्टरांना वर्गणी मिळते ती माणूस ठणठणीत असेपर्यंतच. विनोदाच्या आवरणाखाली जुनी शंका शिल्लक होती.

९ मार्च १८८६ रोजी मनोरुग्ण पुतण्या गास्तों याने त्याच्यावर पिस्तूल झाडले. पायात शिरलेल्या गोळीने व्हर्न कायमचा लंगडा झाला. आठ दिवसांनी हेत्झेल वारला. लाडकी नौका त्याच वर्षी विकली गेली, पाठोपाठ आईही गेली. यानंतरच्या कादंबऱ्यांत संशोधक पुष्कळदा माथेफिरू आणि यंत्रे घातक दिसतात. त्याच सुमारास तो आमियाँच्या नगरपालिकेवर निवडून आला आणि दिव्यांत वीज चमकवणारा हा लेखक नगरातील नाट्यगृह, सर्कस यांच्या कारभारात मनापासून रमला. मधुमेहाने आणि मोतीबिंदूने जर्जर झालेल्या व्हर्नचा २४ मार्च १९०५ रोजी मृत्यू झाला. फ्रेंच अकादमीने त्याला कधीच सदस्यत्व दिले नाही.

त्याच्या नावावरील सर्वांत प्रसिद्ध भाकितांपैकी काही त्याची नव्हतीच. १८८९ मध्ये एका अमेरिकन मासिकाने छापलेल्या इ.स. २८८९ मधील दिवसाच्या कथेत बोलकी वर्तमानपत्रे आणि चेहरा दाखवणारा दूरध्वनी आहे. ती बहुतांशी त्याचा मुलगा मिशेल याने लिहिली, असे अभ्यासक मानतात. बापाशी आयुष्यभर भांडलेल्या याच मिशेलने पुढे व्हर्नच्या मागे राहिलेल्या कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या, आणि त्या करताना त्यांत मनसोक्त फेरफार केले. पात्रे घातली, शेवट बदलले. व्हर्नने लिहिलेले मूळ पाठ वाचकांच्या हाती पडू लागले ते १९८० च्या दशकात. तिजोरीतली कादंबरी मात्र मिशेलच्या लेखणीतून सुटली होती.