वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च, इ.स. १८६० - २६ ऑक्टोबर, इ.स. १९३०) हे कॉलरा व प्लेग या रोगांवरील प्रतिबंधक लसी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. मुंबईतील परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

शिक्षण

हाफकिन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात ते इल्या मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशींचा शोध लावणारे ते हेच मेचनिकोव्ह. धर्मांतरास नकार दिल्यामुळे हाफकिन यांना प्राध्यापकपद मिळू शकले नाही. इ.स. १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे प्रारंभी त्यांना ग्रंथपालाचे काम मिळाले.

कॉलऱ्याची लस

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी कॉलऱ्याचे दुर्बल केलेले जंतू स्वतःस टोचून घेतले व सहा दिवसांनी तीव्र केलेले जंतू टोचले. इ.स. १८९३ मध्ये ते भारतात आले. कॉलऱ्याचे जंतू रक्तात न शिरता आतड्याच्या श्लेष्मल अस्तरावरच वाढतात. तेथील संरक्षण मुख्यतः त्या अस्तरातून स्रवणाऱ्या प्रतिपिंडांवर अवलंबून असते, आणि त्वचेखाली टोचलेल्या लसीने ते पुरेसे निर्माण होत नाहीत. म्हणूनच टोचण्याच्या लसीचे संरक्षण अपुरे व अल्पकालीन ठरले आणि पुढील काळात तोंडावाटे देण्याच्या लसी आल्या. हाफकिन यांच्या काळी मात्र हे ज्ञान कोणापाशीच नव्हते.

मुंबईतील प्लेग

इ.स. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली. हाफकिन यांना कलकत्त्याहून पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळालेली जागा म्हणजे एक खोली व एक व्हरांडा. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते जंतूंची वाढ करीत. त्या थेंबांपासून जंतू लोंबत्या झुंबरांसारखे खाली वाढत. नंतर उष्णतेने ते मारले जात. मृत जंतू रोग देत नाहीत. परंतु शरीर त्यांना ओळखते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते व ती ओळख काही काळ स्मरणात ठेवते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना चांगलाच ताप आला. त्याच महिन्यात भायखळा तुरुंगातील कैद्यांपैकी स्वेच्छेने पुढे आलेल्यांना ती देण्यात आली. लोकांच्या मनात लशीविषयी मोठा संशय होता. अशा वेळी तिसरे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली व प्रयोगशाळेस आपली वास्तू दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

मुल्कोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. हे सर्वजण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. लस प्रयोगशाळेतच दूषित झाली, असा ठपका ठेवून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वास्तविक ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. इतका उघड दुवा समोर असता निवाड्यास पाच वर्षे लागली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडल्यावर इ.स. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. त्यानंतर ते कलकत्त्यास रुजू झाले. परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना पुन्हा मिळाले नाही.

इ.स. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्यांचे निधन स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाले. भारतीय टपाल खात्याने इ.स. १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.