नाणीं वाचणारे जेम्स प्रिन्सेप

शेत नांगरतांना किंवा विहीर खणतांना पुष्कळदां एखादें काळवंडलेलें नाणें हातीं लागतें. कोणी तें चिंचेनें घासून लखलखीत करतो, कोणी सोनाराकडे नेऊन मोडतो, तर कोणी मुलांस खेळावयास देतो. परंतु अशाच क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंतून आपल्या देशाचीं विसरलेलीं शतकें शोधून काढण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या जेम्स प्रिन्सेप यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

त्यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजीं इंग्लंडांत झाला. प्रथम ते वास्तुशिल्प शिकूं लागले. पण डोळे अधू झाल्यामुळें तो मार्ग सोडावा लागला. मग त्यांनीं रसायनशास्त्राचा अभ्यास केला व लंडनच्या टांकसाळींत धातूंचा कस पाहण्याची विद्या संपादिली. १८१९ सालीं ते कलकत्त्यास आले आणि पुढील वर्षीं काशीच्या टांकसाळींत रुजू झाले. तेथील दहा वर्षांत त्यांनीं शहराचें सांडपाणी वाहून नेणारें भुयारी गटार बांधविलें व कर्मनाशा नदीवर पूल उभारिला. पुढें कलकत्त्यास परतल्यावर १८३२ सालीं ते तेथील टांकसाळीचे मुख्य कसपारखी व एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले.

टांकसाळीच्या कामानें त्यांस एक मोठा गुण दिला होता. नाणें हातीं येतांच ते त्याचें वजन, धातु, आकृति व अक्षरें बारकाईनें पाहत आणि दुसऱ्या नाण्यांशीं ताडून पाहत. अंदाजापेक्षां तुलनेवर त्यांची भिस्त अधिक असे.

त्याच सुमारास अफगाणिस्तानांतील बेग्राम येथें चार्ल्स मॅसन यांनीं हजारों जुनीं नाणीं जमविलीं. त्यांतील अनेकांवर एका बाजूस ग्रीक अक्षरें, तर दुसऱ्या बाजूस कोणासही न वाचतां येणारी लिपि होती. दोन्ही बाजूंस एकाच राजाचें नांव असावें, हें मॅसन यांच्या ध्यानांत आलें. तो धागा धरून प्रिन्सेप यांनीं एकेक अक्षर ताडून पाहिलें व खरोष्ठी लिपि उलगडूं लागली.

ब्राह्मी लिपीचें कुलूप १८३७ सालीं उघडलें. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील बारीकसारीक लेखांचे ठसे पाहतांना, बहुतेकांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें व एक टिंब आहे, असें त्यांस दिसलें. हे भाविकांच्या देणग्यांचे लेख असावेत, असें त्यांनीं ताडिलें. तसें असेल तर शेवटचा शब्द दानं हाच! त्या एका शब्दावरून इतर अक्षरेंही लवकरच लागलीं आणि मोठमोठे स्तंभलेख वाचतां येऊं लागले.

त्या लेखांतील पियदसि राजा सिंहलद्वीपाचा असावा, असा प्रिन्सेप यांचा प्रथम समज होता. सिंहलांतील अधिकारी जॉर्ज टर्नोर यांनीं पाली ग्रंथांवरून तो सम्राट् अशोक असल्याचें दाखविलें, तेव्हां त्यांनीं तें मान्य केलें. पुढें मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या प्रयत्नानें गिरनारच्या शिलालेखाचा ठसा त्यांस मिळाला. त्यांत यवन राजा अँटायोकस याचें नांव आढळलें आणि अशोकाचा काळ निश्चित करण्यास आधार मिळाला.

दिवसां टांकसाळीचें काम व रात्रीं लेखांचें वाचन, या श्रमांनीं त्यांचें शरीर खचलें. नोव्हेंबर १८३८ मध्यें रुग्णावस्थेंत त्यांनीं कलकत्ता सोडलें आणि २२ एप्रिल १८४० रोजीं लंडन येथें, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. हुगळीच्या कांठीं १८४३ सालीं बांधलेला प्रिन्सेप घाट त्यांचें स्मारक म्हणून उभा आहे. त्यांचे तरुण सहकारी अलेक्झांडर कनिंगहॅम १८६१ सालीं सरकारी पुराणवस्तु-संशोधनाचे प्रमुख झाले व तें कार्य पुढें चाललें.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांसही एखादें जुनें नाणें, मणि किंवा मुद्रा सांपडली तर ती घासूं नका; गंजाबरोबर अक्षरेंही जातात. ती कोठें व कशाबरोबर सांपडली, तें लिहून ठेवा आणि वडील मंडळींस दाखवा. दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें हें १८७८ च्या कायद्यानें कर्तव्यच आहे. मातींतील लहानशी वस्तूही साक्षीदार असते. तिची साक्ष ऐकण्यापूर्वीं ती पुसून टाकणें हा मोठा अपराध होय.