कर्करोगसंशोधक डॉ. कमल रणदिवे

वर्धापनदिनाच्या निमित्ताने ज्या थोर स्त्रियांचे स्मरण करावे, त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचे नाव अवश्य घ्यावयास हवे. कर्करोग एकीला का होतो आणि दुसरीला का होत नाही, या कोड्यापाठीमागे या विदुषीने आपले आयुष्य वेचले.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील दिनकरराव हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेतील शिक्षण आटोपल्यावर मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती; परंतु कमलताईंचा ओढा प्राणी व वनस्पती यांच्या शास्त्राकडे होता, आणि त्यांनी तीच वाट धरली. १९३९ साली गणिताचे व्यासंगी श्री. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. संसार मांडला म्हणून शिक्षण मात्र थांबले नाही. पतीचा त्यास मनापासून पाठिंबा होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवण्याची विद्या त्या तेथे शिकल्या, आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशी प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राची धुराही त्यांनी वाहिली.

त्यांच्या प्रयोगांतील सोबती म्हणजे उंदीर. उंदरांच्या काही वाणांत माद्यांच्या स्तनांत हटकून गाठी होतात, तर काहींत त्या क्वचितच दिसतात. या गाठींस कारण होणारे काहीतरी आईच्या दुधातून पिलाकडे जाते, हे अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ साली दाखवले होते. तो एक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. (भगिनींनी येथे गैरसमज करून घेऊ नये. स्त्रीच्या दुधाने मुलास कर्करोग होत नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचा धोका काहीसा कमी होतो.) विषाणू, आनुवंशिक घडण आणि शरीरातील संप्रेरके या तिघांचा एकमेकांशी काय संबंध आहे, याचा कमलताईंनी बारकाईने शोध घेतला.

आपण शेतीवाडीची माणसे. बी एकच असले तरी काळ्या रानात ते तरारते आणि मुरमाड रानात करपते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. रोगाचेही तसेच आहे. शरीररूपी भूमीचा एक मोठा गुण म्हणजे तिची प्रतिकारशक्ती. रक्तातील पांढऱ्या पेशी राखणदारासारख्या फिरतात आणि बिघडलेली पेशी दिसताच तिचा निकाल लावतात. परंतु काही लबाड पेशी या राखणदारालाच लगाम घालतात, आणि मग गाठ बिनदिक्कत वाढते. तो लगाम सोडवणारी औषधे आता निघाली असून, त्यामागील शोधाबद्दल ॲलिसन व होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुष्ठरोगातही रोग्याच्या प्रतिकारशक्तीवर बरेच अवलंबून असते. कुष्ठरोग्यांपासून मिळवलेले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या कामात कमलताईंचा वाटा होता, आणि त्याच जिवाणूंपासून पुढे कुष्ठरोगावरील लस तयार झाली.

एकटीने पुढे जाण्यात त्यांना समाधान नव्हते. १९७३ साली सहकारी भगिनींसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यानंतरही नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणासाठी आणि खेड्यातील स्त्रियांच्या आरोग्यशिक्षणासाठी त्या राबल्या. २००१ साली त्या निवर्तल्या.

अशा बाईचे स्मरण केवळ हार घालून होत नाही. स्तनात गाठ लागली तर लाजेकाजेस्तव ती पदराआड दडवण्याची खोड आपल्यात अजून आहे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती कशाची हे घरबसल्या ठरत नाही. राखणदार चुकला तरी आपण चुकू नये. वेळीच सांगावे, वेळीच दाखवावे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला दूर नाही. सासूने सुनेला, जावेने जावेला हाताशी धरून न्यावे, म्हणजे कमलताईंच्या परिश्रमांचे फळ पाचोडच्या उंबऱ्याआतही पोहोचेल.