राग कुणाचा, वातावरण कुणाचं? : कुर्ट लेविन

मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या एकांकिकेचं दिग्दर्शन माझ्याकडे होतं. त्या तालमींतून पहिल्या वर्षाचा एक मुलगा अर्ध्यावर निघून गेला, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. का गेला असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं होतं: पोरं त्याची टिंगल करायची, त्याला सहन झालं नाही. म्हणजे पोरं वात्रट आणि तो हळवा. मी त्यात कुठेच नव्हतो.

यंदा मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात कुर्ट लेविन आले. (आमचे सर लुईन म्हणतात. तेही बरोबरच, कारण अमेरिकेत गेल्यावर त्यांनी स्वतःच तिथला उच्चार चालवून घेतला होता.) परीक्षेपुरत्या नोट्स काढायच्या म्हणून बसलो आणि या माणसात अडकलो.

लेविन यांचा जन्म ९ सप्टेंबर १८९० चा. गाव मोगिल्नो, तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, वडिलांचं छोटं दुकान. १९०५ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं. कुर्टनी आधी डॉक्टर व्हायचं ठरवलं, ते सोडलं आणि तत्त्वज्ञान-मानसशास्त्राकडे वळले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. ते जर्मन सैन्यात लढले, जखमी झाले आणि १९१७ मध्ये त्यांनी एक विलक्षण लेख लिहिला. विषय काय, तर सैनिकाला जमीन कशी दिसते! आघाडीपासून लांब असताना शेत हे शेतच असतं. पण आघाडी जवळ आली की तेच शेत उघडं, धोक्याचं वाटू लागतं आणि खड्डा म्हणजे आडोसा होतो. जमीन तीच आणि माणूसही तोच, पण त्याच्या भोवतीची परिस्थिती बदललेली. पुढे आयुष्यभर त्यांनी जे सांगितलं त्याचं बी मला या लेखात दिसतं. माणूस असा का वागला हे समजून घ्यायचं तर त्याच्या स्वभावाइतकंच तो त्या क्षणी कशात सापडला होता तेही पाहिलं पाहिजे.

युद्धानंतर ते बर्लिन विद्यापीठात शिकवू लागले. मानसशास्त्राची संस्था चक्क जुन्या राजवाड्यात होती, पण खऱ्या चर्चा रंगायच्या समोरच्या कॅफेत. त्यांच्या विद्यार्थ्यांत बऱ्याच मुली होत्या. त्यांतल्या तमारा देम्बो यांनी रागावरच प्रयोग केला, तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका चौकटीत उभं राहून लांबचं फूल हाताने घ्यायचं. त्याच्या दोन युक्त्या सापडल्या की तिसरी शोधायची, आणि तिसरी नव्हतीच. उठून जायचीही सोय नाही. थोड्या वेळाने भली शिकली-सवरलेली माणसं प्रयोग घेणाऱ्या बाईंवर चिडायची. पुढेही वाट नाही आणि मागेही नाही, अशा कोंडीत राग शिजतो.

१९३२ मध्ये लेविन पाहुणे प्राध्यापक म्हणून अमेरिकेत गेले. तिथून जपान आणि रशियामार्गे परतत असताना हिटलर सत्तेवर आल्याची बातमी त्यांना कळली. त्या वर्षी ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा झाला. आघाडीवर लढलेल्यांना त्यात सूट होती, म्हणजे त्यांची खुर्ची निदान काही काळ टिकली असती. ते थांबले नाहीत. आधी कॉर्नेल आणि १९३५ पासून आयोवा. आई मात्र युरोपातच राहिली. तिला बाहेर काढायला त्यांनी खूप खटपट केली, ती फळाला आली नाही. महायुद्धात ती नाझींच्या छावणीत मारली गेली.

आयोवातला प्रयोग वाचताना मी वही मिटून ठेवली होती. लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे पाच-पाच जणांचे क्लब काढले. काम साधंच, मुखवटे बनवणं वगैरे. फरक होता तो मोठ्या माणसाच्या वागण्यात. एका प्रकारात सगळं तोच ठरवायचा: आता हे करा, मग ते करा, आणि पुढचं काय ते सांगायचंच नाही. दुसऱ्यात काय करायचं ते सगळे मिळून ठरवायचे आणि तो सोबत बसायचा. तिसरा प्रकार योगायोगाने सापडला. व्हाइट यांना दुसरा प्रकार नीट जमेना, ते सगळंच मुलांवर सोडून द्यायला लागले. लेविन यांनी त्यांना न रागावता तो वेगळाच प्रकार म्हणून नोंदवला. (असे मार्गदर्शक सगळ्यांना मिळोत!)

पहिल्या प्रयोगात हुकूम चालणाऱ्या क्लबमध्ये आपसांतलं वैर दुसऱ्या क्लबच्या तीसपट दिसलं. आणि ते वैर हुकूम सोडणाऱ्यावर निघत नव्हतं. चौघे मिळून पाचव्याला धरायचे. असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा त्या मुलाने क्लबच सोडला.

मला आमची तालीम आठवली. सीन कसा बसवायचा ते मी ठरवायचो. का म्हणून विचारलेलं मला चालायचं नाही. उशीर झाला की सगळ्यांसमोर ओरडायचो. माझ्याशी कुणी कधी भांडलं नाही, उलट माझा ग्रुप किती शिस्तीचा म्हणून मी मिरवत होतो. मी चहाला बाहेर गेलो की त्या मुलाच्या उच्चारांची नक्कल सुरू व्हायची. मी परत आलो की सगळं चिडीचूप.

पुढच्या प्रयोगात हुकूमाखालचे बहुतेक क्लब शांतच राहिले. त्याच १९३९ साली येल विद्यापीठातल्या मंडळींनी मांडलं होतं की कोंडी झाली की आक्रमकता येते. लेविन यांच्या क्लबमध्ये कोंडी होती, पण मुलं निमूट बसलेली. ती समाधानी होती असं समजायचं का? तर मोठा माणूस खोलीबाहेर गेला की काम मंदावायचं, आणि मोकळ्या क्लबमध्ये गेल्यावर पहिल्याच दिवशी दबलेला दंगा उसळायचा. वीसपैकी एकोणीस मुलांना मिळून ठरवणारा नेता आवडला. उरलेला एक लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा निघाला, यावर मी बराच वेळ हसत होतो.

मुलं थोडी होती, सगळी एकाच भागातली होती, आणि जर्मनीतून आलेल्या माणसाला काय सिद्ध व्हावंसं वाटत असेल हेही उघड आहे. हे आक्षेप मला पटतात. पण क्लब सोडून गेलेली ती दोन मुलं काही आक्षेपांनी पुसली जात नाहीत.

नंतरची वर्षं लेविन यांनी नुसती धावपळ केली. युद्धकाळात मांसाची टंचाई होती, तेव्हा गृहिणींनी काळीज, गुर्दे शिजवावेत म्हणून मार्गरेट मीड यांच्यासोबत काम केलं. व्याख्यान ऐकून गेलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते करून पाहिलं, आपसांत बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. मग एमआयटीत समूहांच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. १२ फेब्रुवारी १९४७ ला हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ५६.

मागच्या महिन्यात मी त्या मुलाला फोन केला. सॉरी म्हटलं, आणि पोरांचं नाव मध्ये आणलं नाही. यंदा संहिता सगळ्यांनी बसून वाचायची आणि भूमिकाही मिळून ठरवायच्या असं ठरलंय, तेही सांगितलं. तो बघतो म्हणाला. पहिलं वाचन सोमवारी, कॉलेज सुटल्यावर मराठी विभागात आहे.