पंडिता रमाबाई : राज्यकर्त्यांचा धर्म घेतला, पण सरकारला जाब विचारणे सोडले नाही

इंग्रजांच्या काळात जो ख्रिस्ती झाला तो इंग्रजांचा झाला, असा आरोप आपल्याकडे सर्रास होत असे. पंडिता रमाबाईंवर तो आजही होतो. त्यांचे चरित्र तारखांसह वाचले तर उलटेच चित्र दिसते. इंग्रज सरकारच्या नीतीवर त्यांनी जे कठोर लिहिले, त्यातले बरेचसे बाप्तिस्म्यानंतरचे आहे आणि त्याचा आधार ख्रिस्ताची शिकवण हाच आहे. धर्मांतराचा इतिहास असलेल्या आपल्या समाजाने ही बाजू नीट पाहायला हवी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना स्वजातीचा रोष पत्करावा लागला. पुराणे सांगत कुटुंब गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण, तिघेही गेले. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सनातन्यांनी डोक्यावर घेतलेली ही बाई पुढे त्याच सनातन्यांना नकोशी झाली, कारण ती शास्त्रे स्वतः वाचू लागली. सगळे ग्रंथ एकमेकांशी भांडतात, पण स्त्री आणि शूद्र यांना हीन ठरवण्यात मात्र त्यांचे एकमत आहे, हे तिच्या ध्यानात आले. हा निष्कर्ष आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. तो जातीने शूद्र गणला जाणारा. दोन्ही बाजूंनी बहिष्कार आला. दीड वर्षही झाले नाही तोच पटकीने नवरा गेला. पदरात मनोरमा ही लहान मुलगी घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री शिक्षिका आणि स्त्री निरीक्षक हव्यात, आणि पुरुष डॉक्टरपुढे जाता येत नाही म्हणून बायका मरतात, तेव्हा मुलींना वैद्यकीय शिक्षण द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सरकारने नुसता सारा वसूल करू नये, शिकवावे आणि जीव वाचवावेत, ही त्यांची भूमिका ख्रिस्ती होण्याआधीपासूनची आहे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या जोगिणींनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले काम त्यांनी पाहिले. अशा स्त्रीला शिक्षा न देता जवळ करणारा धर्म त्यांनी पहिल्यांदा पाहिला. त्यामागे काय आहे म्हणून विचारले तेव्हा ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना कळली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. त्या वेळी त्यांच्या बाजूने लेखणी उचलली ती जोतीराव फुल्यांनी. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. फुले स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत, पण हा अधिकार त्यांनी मान्य केला.

आता गंमत पाहा. चर्चलाही ही बाई पचेना. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास हरकत घेतली. जोगिणींना आज्ञाधारकपणा हवा होता. त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाई शंका काढत होत्या, शाकाहार सोडत नव्हत्या, आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही हाती देणार नाही असे पत्रांतून बजावत होत्या. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडलो ते दुसरीत शिरण्यासाठी नाही, असा त्यांचा एकूण रोख होता.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. त्यात रखमाबाईंच्या खटल्याचा उल्लेख आहे. सुतार समाजातल्या रखमाबाईंचे लग्न बालपणी झाले होते. नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा मुंबईच्या हायकोर्टाने नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल दिला. रमाबाईंनी दोष केवळ हिंदू रूढीला दिला नाही. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारने हिंदुस्थानातल्या पुरुषांशी संगनमत केले आहे, कारण बाईला न्याय दिला तर पुरुष बिथरतील आणि राज्याचा नफा धोक्यात येईल, असे त्यांनी मांडले. देव आणि धन या दोघांची चाकरी करता येत नाही हे ख्रिस्ताचे वचन त्यांनी इंग्रज सरकारवरच उलटवले. सरकारने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे या सोयीस्कर धोरणाचे इतके नेमके वाभाडे त्या काळात फार थोड्यांनी काढले असतील.

अमेरिकेवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले, ते १८८९ मध्ये निघाले. लोकांनी चालवलेल्या राज्याचे त्यात भरभरून कौतुक आहे. तरी काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना तिथे मिळणारी वागणूक त्यांनी झाकली नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्याच डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या, त्यांत रमाबाई होत्या. पुढच्या वर्षी सदन पुण्याला हलले. तेव्हाही मुंबईहून पुण्याची वाट आपल्या कर्जतवरून, बोरघाट चढूनच होती. सदन आधी उच्चवर्णीय विधवांसाठी होते, जेवणाखाण्याचे जातीचे नियमही तिथे पाळू दिले जात. यावर टीका व्हायला हवी आणि ती रास्त आहे. मात्र १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होतात अशी ओरड ‘केसरी’ने केली, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या, आणि नंतरचे काम जातीच्या चौकटीत राहिलेच नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी गरीबखाने आणि मदतकेंद्रे त्यांनी आत शिरून पाहिली. उपाशी तरुण मुलींचा तिथले रखवालदार आणि दलाल कसा फायदा घेतात, हे त्यांनी उघड लिहिले. शेकडो मुली त्यांनी आणल्या, जात न विचारता. २०२३ च्या जुलैत आपल्या खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मागे राहिलेल्या ठाकर मुलांचे पालकत्व कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला होता. आपत्तीनंतर अन्न पोहोचते, राखण पोहोचत नाही. रमाबाई नेमके त्यावर बोट ठेवत होत्या.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. रँडच्या कमिटीने घरे उघडली, माणसे उचलली. सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेले गेले, आणि तिथे बायकांची अब्रू सुरक्षित नाही असा आरोप रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीरपणे केला. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळून लावला. गोरे मिशनरी मित्र, परदेशी देणग्या आणि सरकारची मर्जी, यांतले काहीही जाऊ शकत होते. तरी त्यांनी लिहिले. हा एकच प्रसंग त्यांच्यावरचा ‘सरकारच्या हस्तक’ हा शिक्का पुसायला पुरेसा आहे.

पुढे केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या २,००० च्या जवळ गेली. वाट चुकलेल्या म्हणून हाकलल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, आंधळ्यांना मनोरमा ब्रेल शिकवू लागली, शेती, विणकाम, छापखाना चालू झाला. या काळात रमाबाई राजकारणापासून दूर, प्रार्थनेकडे अधिक वळल्या. त्यांच्यासारखी जीभ सार्वजनिक जीवनातून गेली याची हळहळ वाटते. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. पंडिती भाषा त्यांना टाळायची होती, कारण वाचणारी बाई खेड्यातली, नुकती अक्षरे शिकलेली असणार होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल दोन वर्षांनी केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. हा छापखाना मुक्तीतल्या बायकाच चालवत होत्या.