बंदूककार विल्यम ग्रीनर

वऱ्हाडात पीकरक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगण्याचा प्रघात जुना आहे. वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावी एखाद्या घरी आजोबांच्या काळची दुनळी आजही असेल, तर तिची झिजलेली नळी पूर्ववत होईल काय, हा प्रश्न लोहारकाम जाणणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांनाच प्रथम विचारला जाणार. म्हणून ज्या कारागिराने बंदुकीच्या नळीचे शास्त्र जगापुढे मांडले, त्या विल्यम वेलिंग्टन ग्रीनर यांचे अल्पचरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

ग्रीनर यांचा जन्म 1834 साली इंग्लंडात झाला. त्यांचे वडील विल्यम हेही नामांकित बंदूककार होते. लंडनच्या मँटन यांच्याकडे काम केल्यावर त्यांनी न्यूकॅसल येथे धंदा मांडला व 1844 साली तो बर्मिंगहॅमला नेला. वडिलांची श्रद्धा तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीवर होती. काडतूस मागून घालण्याची नवी पद्धत त्यांना मान्य नव्हती. पुत्राला मात्र भविष्य तिच्यातच दिसत होते. 1864 च्या सुमारास पुत्राने स्वतंत्र कारखाना काढला. पुढे 1869 साली वडील निवर्तले, तेव्हा दोन्ही कारखाने एक झाले.

त्या काळच्या उत्तम नळ्या लोखंड व पोलाद यांच्या कांबी एकत्र पिळून, गजाभोवती गुंडाळून, तापवून व ठोकून जोडीत. ऐरणीशी ज्यांचा जन्म गेला, त्यांना या कामाचे मोल सांगावयास नको. 1874 साली ग्रीनर यांनी नळीचे तोंड किंचित निमुळते करण्याची खात्रीची रीत बसविली. ही कल्पना पूर्वीही काहींना सुचली होती. परंतु ती व्यवहारात पक्की करण्याचे श्रेय त्यांचे. साध्या नळीचे शेकडा 40 च्या आसपास छर्रे 40 यार्डांवर 30 इंची वर्तुळात पडत. पूर्ण निमुळत्या नळीचे सुमारे 70 पडू लागले. 1875 सालच्या लंडनमधील चाचणीत त्यांच्या बंदुका सरस ठरल्या.

आता झिजलेल्या नळीविषयी. जुन्या दारूची राख व टोपीतील क्षार यांनी नळीत गंजाचे खड्डे पडतात. शिशाच्या दट्ट्यास तेल व कुरुंदाची पूड लावून आतून घासले, तर उथळ खड्डे जातात. आत बेताचा दट्ट्या घालून बाहेरून हलके ठोकले, तर पोचाही उठतो. परंतु घासणे म्हणजे धातू काढणे. काढलेला धातू परत येत नाही. बारा नंबरी नळीचा व्यास 0.729 इंच असतो. एक पौंड शिशाच्या 12 सारख्या गोळ्यांपैकी एकीचा जो व्यास, तोच हा. तो वाढत गेला की भिंत पातळ होते. 20 सहस्रांश इंचांहून कमी जाडी उरलेली नळी जाणते कारागीर धोक्याची मानतात. तोंड खराब झाले म्हणून कापले, तर निमुळतेपणाच नाहीसा होतो. अशा वेळी जुना मागील भाग राखून पुढे नव्या नळ्या बसवितात व जादा दारूने त्यांची पुन्हा परीक्षा घेतात. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 पासून हेच काम करीत आले आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यान्वये असे काम परवानाधारकानेच करावयाचे असते, हे बांधवांनी विसरू नये. नळी फुटली तर हात जातो, प्रसंगी प्राणही जातो. तेव्हा नकार देणे हेही कारागिराचे कर्तव्य होय.

ग्रीनर यांचा खरा मोठेपणा आम्हांस आणखी एका गोष्टीत दिसतो. 1881 साली त्यांनी बंदुकीच्या घडणीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1910 पर्यंत त्याच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. ज्या ज्ञानावर त्यांचे पोट होते, ते त्यांनी प्रतिस्पर्ध्यांसही खुले केले, आणि तरीही त्यांचा कारखाना बुडाला नाही. 1921 साली ते वारले. ग्रंथ मात्र आजही वाचला जातो.

आपल्या घरांतही हत्याराला पाणी देण्याची, भट्टीचा रंग ओळखण्याची विद्या पिढ्यान्पिढ्या चालत आली. ती कोणी लिहून ठेवली नाही, म्हणून वडीलधाऱ्यांबरोबर कितीतरी निघून गेली. जे वृद्ध आज हयात आहेत, त्यांच्यापाशी बसून तरुणांनी ती वहीत उतरवून घ्यावी, अशी आमची सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.